चार हुतात्मे आणि तारेचे कुंपण

दरवर्षी १२ जानेवारी उजाडला की सोलापुरातील चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना पुष्पहार अर्पण केले जातात, शाळाशाळांतून भाषणे होतात आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा ही चार नावे एका दमात उच्चारली जातात. १९३१ साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी देण्यात आले. शहरातील नाट्यगृहाला हुतात्म्यांचे नाव आहे, बागेला आहे, रोज पुण्याला जाणाऱ्या आगगाडीलाही आहे. परकीय सत्तेने केलेल्या एका अत्याचाराभोवती आपली सारी ओळख इतक्या निःसंकोचपणे गुंफून घेतलेले दुसरे शहर महाराष्ट्रात शोधू गेल्यास सहजासहजी सापडणार नाही.

याच शहरातील एका वस्तीला लोक ‘सेटलमेंट’ म्हणतात. रिक्षावाले म्हणतात, टपालवाले म्हणतात, शाळेच्या दाखल्यावर आणि अर्जांवरही तोच शब्द पत्ता म्हणून लिहिला जातो. त्या वस्तीला लागून ‘फ्री कॉलनी’ नावाच्या वस्त्या आहेत. ‘फ्री’ कशापासून, हा प्रश्न मात्र सोलापुरात फारसा कोणी विचारीत नाही. इंग्रजी अमलाने या शहरावर जी हिंसा केली तिचे हे दुसरे स्मारक आहे आणि त्याला हार घालायला कोणी जात नाही. पहिली हिंसा शहराच्या अभिमानाचा विषय का झाली आणि दुसरी शहराच्या विस्मरणात का गेली, याचा विचार करणे हे १२ जानेवारीच्या समारंभाइतकेच अगत्याचे आहे.

आधी १९३० चा प्रसंग. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात सोलापूर नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रीय निशाण चढविले होते आणि वातावरण तापलेले होते. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर कराडी येथे गांधीजींना अटक झाली. ही बातमी येताच सोलापुरात कडकडीत हरताळ पडला. गिरण्यांतील कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी शिंदीची झाडे तोडण्याच्या सत्याग्रहातून पोलीस आणि जमाव यांच्यात संघर्ष उसळला, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण धारातीर्थी पडला. संतप्त जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर हल्ला केला, पोलीस शिपायांचा बळी गेला, न्यायालयाच्या इमारतीला आग लागली. त्यानंतरचे काही दिवस शहरात सरकार नावाची वस्तू उरली नाही आणि काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रहदारीपासून बंदोबस्तापर्यंत सर्व व्यवस्था पाहिली. स्वातंत्र्यापूर्वी स्वातंत्र्य भोगलेले शहर हा सोलापूरकरांचा अभिमान या थोड्या दिवसांवर उभा आहे. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारण्यात आला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. लष्कराने शहर ताब्यात घेतले. साधी गांधी टोपी घालणे हाही अपराध ठरला. पुढे पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून खटला झाला आणि त्याचा शेवट येरवड्यात झाला.

या कथेत सोयीस्करपणे पुसट ठेवली जाणारी एक बाजू आहे, ती नोंदवलीच पाहिजे. मारले गेलेले शिपाई याच देशातील गरीब घरांतले, पोटासाठी नोकरी धरलेले लोक होते. त्यांची नावे कोणाच्या ओठावर नाहीत. चौघांच्या बलिदानाची थोरवी त्यामुळे उणावत नाही. परंतु राजवटीच्या हिंसेचा हिशेब मांडताना ती नेहमी एका देशी माणसाच्या हातून दुसऱ्या देशी माणसावर पडत असे, ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही. पुढच्या विवेचनात तिची गरज पडणार आहे.

लष्करी कायद्याचा असा अंमल हिंदुस्थानात फार थोड्या ठिकाणी झाला. १९१९ मध्ये पंजाब, १९२१ मध्ये मलबार आणि १९३० मध्ये सोलापूर, अशी ती मालिका आहे. म्हणून सोलापूरची तुलना करावयाची तर ती पंजाबशी करणे स्वाभाविक आहे. तेथे १३ एप्रिल १९१९ रोजी, वैशाखीच्या दिवशी, जालियनवाला बागेत जे घडले ते सर्वश्रुत आहे. मृतांचा सरकारी आकडा ३७९ होता, काँग्रेसच्या चौकशीने तो हजाराच्या घरात धरला. गोळीबारामागून लष्करी कायदा आला आणि अमृतसरच्या एका गल्लीतून लोकांना पोटावर सरपटत जाण्याचा हुकूम निघाला. मृत्यूपेक्षाही हा अपमान अधिक काळ टिकला, असे पंजाबचा पुढील इतिहास वाचणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही.

शीख समाजाने या जखमेचे जे केले ते लक्षात घेण्यासारखे आहे. हत्याकांडानंतर सुवर्णमंदिराच्या सरकारनियुक्त व्यवस्थापकाने डायरलाच सरोपा देऊन गौरविले. आपली सर्वांत पवित्र जागा सरकारच्या मुठीत आहे, हे शीख जनतेला त्या एका कृतीने जितके कळले तितके शंभर व्याख्यानांनी कळले नसते. १९२० च्या अखेरीस शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली, पाठोपाठ अकाली दल निघाला. १९२१ चे ननकाना साहिबचे हत्याकांड आणि १९२२ चा ‘गुरू का बाग’चा मोर्चा यांत शेकडो माणसांनी हात न उगारता मार खाल्ला, प्राण दिले. आणि १९२५ मध्ये गुरुद्वारांचा कारभार निवडून आलेल्या मंडळाकडे सोपविणारा कायदा पदरात पाडून घेतला. दुःखातून संस्था उभी राहिली आणि त्या संस्थेने मतदारयादी, देणग्या, शाळा, लंगर या सर्वांना बांधणारा एक कणा समाजाला दिला. शीख अस्मितेला आज जे राजकीय बळ आहे त्याचा पाया या सहा वर्षांत घातला गेला. १९८४ च्या जून आणि नोव्हेंबर महिन्यांतील घटना त्या समाजाला इतक्या खोलवर का भिडल्या, त्याचेही एक कारण येथेच आहे. सत्तेने मंदिरावर आणि माणसांवर हत्यार धरल्याची आठवण तेथे आधीपासून संस्थेच्या रूपाने जिवंत होती. ती स्वतंत्र भारताच्या सरकारविरुद्धही उभी राहू शकली.

परंतु पंजाबातही स्मृतीने निवड केली आहे. इंग्रजांनी शिखांना ‘लढवय्या जमाती’च्या यादीत घातले होते. फौजेतील शीख पलटणींत भरती होणाऱ्याने केस राखलेले असावेत, खालशाचे आचार पाळावेत, असा लष्कराचाच आग्रह असे. शीख कोण आणि कसा, याची एक व्याख्या छावणीत घडत होती. ज्या राजवटीने सरपटण्याचा हुकूम काढला तिनेच दिलेले शौर्याचे प्रशस्तिपत्र मात्र अभिमानाने मिरवले गेले आणि आजही मिरवले जाते. त्यात शीख समाजाला नावे ठेवण्याचे कारण नाही. गौरवाची चिठ्ठी कोण परत करतो? मात्र त्या यादीच्या दुसऱ्या टोकाला जे बसविले गेले त्यांची चिठ्ठी निराळी होती.

ती चिठ्ठी म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्माने शूर असणारे लोक असतात असे एकदा मानले, की जन्माने चोर असणारेही लोक असतात हे मानायला काही अडचण उरत नाही. दोन्ही कल्पना एकाच कचेरीत, एकाच काळात तयार झाल्या. १९११ च्या सुधारित कायद्याने हे जाळे मुंबई इलाख्यावर पसरले. कैकाडी, टकारी, पारधी, भाट, कंजारभाट अशा भटक्या व अर्धभटक्या जमातींना सरकार अधिसूचना काढून गुन्हेगार ठरवी. त्या अधिसूचनेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. धनशेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना निदान आरोपपत्र तरी मिळाले, खटला तरी चालला. या लोकांवर आरोपच नव्हता, तेव्हा निर्दोष सुटण्याचा प्रश्नही उद्भवत नव्हता.

अशा जमातींना कोंडण्यासाठी इलाख्यात हुबळी, गदग, विजापूर अशा ठिकाणी वसाहती निघाल्या. सोलापूरची वसाहत त्यांतील मोठ्या वसाहतींपैकी एक होती. (इंग्रजीतील दोन वेगळ्या शब्दांना मराठीत ‘वसाहत’ हा एकच शब्द आहे. या प्रकरणात भाषेची ही गरिबी फार मोठे सत्य सांगून जाते.) भोवती तारेचे कुंपण, ठरलेल्या वेळी हजेरी आणि बाहेर पडायचे तर पास. पासाशिवाय सापडल्यास शिक्षा. मुलांना आईबापांपासून वेगळे करून सुधारशाळेत घालण्याचा अधिकारही कायद्याने सरकारला दिला होता. ज्यांची वर्तणूक वर्षानुवर्षे ‘चांगली’ राहील त्यांना कुंपणाबाहेरच्या मोकळ्या वस्तीत राहण्याची परवानगी मिळे. आजच्या फ्री कॉलनीच्या नावाची व्युत्पत्ती ही अशी आहे.

या वसाहती सोलापुरातच का वाढल्या, याचे उत्तर धर्मशास्त्रात किंवा गुन्हेगारीशास्त्रात शोधण्यापेक्षा अर्थशास्त्रात शोधावे. १८७७ मध्ये जुनी गिरणी निघाल्यापासून सोलापूर हे कापडधंद्याचे केंद्र झाले. पुढे विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीला सर्वांत अधिक गरज असते ती रोज ठराविक वेळी हजर होणाऱ्या मजुरांची. दुष्काळी मुलखातला शेतकरी पाऊस पडला की गावाकडे परततो. लग्नसराईत, जत्रेत खाडे होतात. मजुरीवरून संप होतात आणि सोलापूरच्या कामगारांनी १९२० पासून ते वारंवार करून दाखविले होते. कुंपणातल्या माणसाला मात्र गाव नाही, जत्रा नाही, दुसरी नोकरी शोधण्याचे स्वातंत्र्य नाही. वसाहतीतील स्त्रीपुरुष गिरण्यांत कामाला जात आणि कामानंतर कुंपणात परतत. मजुरीचा दर हा मजूर आणि मालक यांच्या घासाघिशीतून ठरतो, असे पाठ्यपुस्तक सांगते. घासाघीस करण्यासाठी नको म्हणून निघून जाण्याची मुभा असावी लागते. पासावर जगणाऱ्याला ती नव्हती. सरकारच्या दृष्टीने ही सुधारणा होती, गिरणीच्या दृष्टीने हा खात्रीचा मजूरपुरवठा होता, आणि दोन्ही हेतू एकमेकांना इतके पूरक होते की त्यांतला मुख्य कोणता हे सांगणे अवघड.

मुंबई इलाख्यातील या व्यवस्थेशी ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याचे नाव निगडित आहे. तो दुष्ट माणूस होता असे म्हणता येत नाही. अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करणारी सरकारी समिती १९२८ मध्ये त्याच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. वसाहतींत शाळा होत्या, दवाखाने होते. अमेरिकन मराठी मिशननेही काही काळ सोलापूरच्या वसाहतीच्या कामात भाग घेतला. चांगल्या हेतूच्या, वक्तशीर, हिशेबी माणसांनी चालविलेली ही कोंडी होती. म्हणूनच ती ओळखणे कठीण गेले. जमावावर गोळी झाडणारा सार्जंट सर्वांना दिसतो. सकाळी हजेरीपट घेऊन नावे पुकारणारा कारकून मात्र अत्याचारी वाटत नाही.

सोलापूरच्या विस्मरणाचे मूळही येथेच आहे. मार्शल लॉ बाहेरून आला, शहरावर आला, सर्व शहरावर एकदम आला. पेठेतला व्यापारी, चाळीतला साळी, वकील, शिंपी, विद्यार्थी, सर्वांनी तो एकाच वेळी भोगला. त्यामुळे त्याची आठवण सर्वांची झाली. लिंगायत, मुसलमान, मराठा आणि मारवाडी असे चौघे एका खटल्यात सापडले, ही गोष्ट मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या या शहराला आपण एक आहोत हे सांगण्यासाठी फार उपयोगी पडली. कुंपण मात्र शहराच्या आत होते आणि त्याच्या व्यवहारात शहर सामील होते. गिरणीचा मालक सामील होता, मुकादम सामील होता, सेटलमेंटमधला माणूस पासाशिवाय दिसताच चौकीवर कळविणारा पेठेतला सज्जनही सामील होता. ज्या हिंसेत आपला हात आहे तिचा पुतळा कोणी उभारत नाही. एकोणपन्नास दिवसांच्या मार्शल लॉची तिथी शहराने जपली. त्याच्या आधी आणि नंतर वर्षानुवर्षे चाललेल्या हजेरीला तिथीच नव्हती. मेच्या त्या चार दिवसांत सोलापूर स्वतंत्र झाले, असे अभिमानाने सांगितले जाते. त्या चार दिवसांत सेटलमेंटचे कुंपण कोणी तोडले, अशी कथा मात्र या शहराने आपल्या अभिमानात कधी सांगितलेली नाही.

मुंबई राज्यात हा कायदा १९४९ मध्ये आणि सर्व देशात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. देश १९४७ मध्ये मुक्त झाला आणि ही माणसे नंतर केव्हातरी ‘विमुक्त’ झाली. त्यावरही १९५९ मध्ये मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आला. त्याच्या शब्दांत जमातीचा उल्लेख नव्हता, परंतु पोलिसांच्या नोंदवहीतील सवय शब्दांवर अवलंबून नसते. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आणि भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ त्यामागून आले, तेव्हा कोठे मराठी मध्यमवर्गाला या जगाची चाहूल लागली. साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले, चर्चासत्रे झाली. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला, त्यानंतर भिकू इदाते यांच्या आयोगाने दिला. शिफारशींची उणीव नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिवाचक तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार मानणाऱ्या उल्लेखांवर कडक ताशेरे ओढले. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे झाल्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला हे सांगावे लागले, यावरून ती यादी किती खोल गेली आहे याची कल्पना यावी.

पंजाबच्या उदाहरणाकडे येथे पुन्हा वळले पाहिजे. शिखांपाशी गुरुद्वारा होता, शेतजमीन होती, फौजेतून आलेले निवृत्तिवेतन होते, धर्मग्रंथाची लिपी होती. अपमानाचे संस्थेत रूपांतर करण्याची साधने त्यांच्या हाती होती. सेटलमेंटमधल्या माणसांपाशी जमीन नव्हती, सर्वांना एकत्र आणणारे देवस्थान नव्हते, एक भाषाही नव्हती. कुंपणाने त्यांना शेजारी केले, समाज केले नाही. सरकारने चिकटविलेल्या नावाखेरीज त्यांच्यात समान असे काही नव्हते आणि ते नाव तर पुसून टाकण्याची प्रत्येकाची धडपड होती. अभिमान कशाचा बाळगायचा? पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा ज्या कामासाठी त्यांना येथे आणून कोंडले होते तेही गेले. गिरणीकामगार म्हणून जी थोडी प्रतिष्ठा तोवर मिळाली होती ती गेली आणि वस्तीचे जुने नाव तेवढे मागे राहिले. आजही शहरात चोरी झाली की संशयाची पहिली नजर कोणत्या दिशेला वळते, हे सोलापूरकराला सांगावयास नको. पत्ता सांगताच नोकरी देणाऱ्याचा चेहरा बदलतो, भाड्याची खोली रिकामी नसल्याचे कळते. येथील शिकलेला तरुण अर्जावर दुसऱ्याच पेठेचा पत्ता लिहितो, यात नवल ते काय!

यावर एक आक्षेप येईल. हुतात्म्यांच्या स्मृतीत या प्रश्नाची सरमिसळ कशाला, त्यांच्या बलिदानाला त्याने गौणत्व येईल, असे काही जण म्हणतील. हा आक्षेप टिकणारा नाही. चौघांना फासावर चढविणारी आणि कैकाड्याची हजेरी घेणारी राजवट एकच होती. १९३० च्या उठावात गिरणीकामगार आघाडीवर होते आणि त्याच गिरण्यांत त्यांच्या शेजारच्या साच्यावर कुंपणातून आलेली माणसे उभी होती. शेजाऱ्याचे नाव गाळून सांगितलेली स्वातंत्र्याची कथा अपुरी आहे, एवढेच येथे म्हणावयाचे आहे. चौघांच्या विविध जातिधर्मांचा उल्लेख करून ऐक्याचा गौरव करणाऱ्या वक्त्यांनी, त्या ऐक्याची सीमा कोणत्या तारेपाशी थांबत होती याचाही एखाद्या वर्षी उल्लेख करावयास हरकत नाही.

महापालिकेला वस्तीचे नाव बदलण्याचा मोह होईल. नामांतर हा आपल्याकडचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. नाव बदलण्याआधी त्या नावाचा इतिहास तेथील लोकांच्याच तोंडून लिहून घेतला पाहिजे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या आणि शहरातील महाविद्यालयांच्या इतिहास व अर्थशास्त्र विभागांनी हे काम हाती घ्यावे. गिरण्यांची जी दप्तरे अजून वाळवीने खाल्लेली नाहीत त्यांत वसाहतीतून आलेल्या मजुरांच्या मजुरीच्या नोंदी आहेत का, हे पाहावे. ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन सेटलमेंटपुरता न ठेवता शहराच्या कार्यक्रमपत्रिकेत १२ जानेवारीच्या बरोबरीने यावा. यास फार दिवस लावता येणार नाहीत. कायदा मुंबई राज्यात रद्द झाला त्या वर्षी कुंपणाच्या आत जन्मलेले मूलही आज पंचाहत्तरी ओलांडून गेले आहे. आपल्या आईबापांची हजेरी घेतली जात असताना त्यांचे बोट धरून रांगेत उभे राहिल्याचे आठवत असेल, असे माणूस त्याहूनही वडील असणार.